साथ चालू असताना दुकानाचा कार्यक्रम: आधी रोगाची वाट ओळखा, मग मांडव घाला

मराठवाड्यातल्या छोट्या धंद्याचं वर्षाचं गणित चार-दोन कार्यक्रमांवर बसलेलं असतं. मृगाच्या आधी कृषी सेवा केंद्राचा शेतकरी मेळावा, पाडव्याला किंवा दसऱ्याला नव्या दुकानाचं उद्घाटन, लग्नसराईत मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन साड्यांचा सेल, दिवाळीआधी बचत गटांचं फराळाचं प्रदर्शन. यातला एक कार्यक्रम हुकला तर ती गिऱ्हाइकी परत येत नाही. पेरणी झाल्यावर बियाण्याचा मेळावा घेऊन काय करणार? म्हणून गावात साथ असली तरी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणं सोपं नसतं. हा लेख अशाच लोकांसाठी आहे: पन्नास ते तीनशे माणसांचा कार्यक्रम, हाताशी चार-पाच माणसं आणि बेताचं बजेट.

पहिलं काम: रोग कोणत्या वाटेनं पसरतो ते विचारा

साथ म्हटलं की लोक सॅनिटायझरच्या बाटल्या आणायला धावतात. कोविडनं लावलेली ही सवय आहे. पण डेंग्यूच्या साथीत सॅनिटायझरचा काडीचा उपयोग नाही, आणि जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर तो फारच कमी चालतो. तिथं साबण आणि पाणीच लागतं.

एकच रोगसुद्धा दोन वाटांनी येऊ शकतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरणारा. त्याच सुमारास सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली, तो खोकल्यातून पसरणारा. नाव एकच, पण एकीकडे उंदीर-पिसवांचा बंदोबस्त हवा आणि दुसरीकडे माणसांमधलं अंतर. तुम्हाला रोगाचं सगळं शास्त्र माहीत असण्याची गरज नाही, वाट माहीत असली की पुरे.

त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. गावातल्या आशाताईंना तर आधी विचारा. कोणत्या गल्लीत किती जण आजारी आहेत हे त्यांना कागदावर येण्याआधी कळलेलं असतं. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांकही आहे. तीनच प्रश्न विचारा: हा रोग हवेतून, पाण्या-अन्नातून, डासांतून की स्पर्शातून पसरतो? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात? आणि कोणाला जास्त धोका आहे?

तिसरा प्रश्न विसरू नका. पाण्यातून पसरणाऱ्या कावीळीचा एक प्रकार, हिपॅटायटिस ई, गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. बचत गटांच्या प्रदर्शनाला तरुण सुना मोठ्या संख्येनं येतात, तेव्हा हे आधी कळलेलं बरं. गोवराची साथ असेल तर लहान मुलांना आणूच नका असं निमंत्रणातच लिहा. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्यामुळे "तो पोरगा आता गेला" या समाधानात अर्थ नाही.

परवानगी कागदावर घ्या

साथ पसरली की जिल्हाधिकारी १८९७ चा साथरोग कायदा किंवा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे गर्दीवर मर्यादा आणू शकतात. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून "साहेबांशी बोलणं झालंय" एवढ्यावर थांबू नका. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, जागा, जास्तीत जास्त माणसं आणि तुम्ही काय काळजी घेणार ते चार ओळींत लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

जनावरांचा विषय असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातही जा. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यात गुरांचे बाजार बंद करावे लागले होते. लम्पी माणसाला होत नाही, पण माश्या, डास आणि गोचिडांतून गुराला होतो. पशुखाद्य विक्रेत्यांनी अशा काळात मेळावा जरूर घ्यावा, फक्त बैलजोडी दावणीला बांधून शोभा आणण्याचा मोह टाळावा.

हवेतून पसरणारी साथ: फ्लू, स्वाइन फ्लू, कोविड, गोवर

इथं पैसा हवेवर खर्च करा. एसी हॉल दिसायला छान, पण बहुतेक एसी आतलीच हवा फिरवत राहतात. त्यापेक्षा शाळेचं मैदान, जिनिंगचं मोकळं आवार किंवा तिन्ही बाजूंनी उघडा मांडव चांगला. मांडववाल्याला आधीच सांगा की फक्त छत हवं, बाजूच्या कनाती नकोत. तो सवयीनं कनाती लावतोच, म्हणून आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन बघा. हॉलच घ्यावा लागला तर समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडी आणि एका बाजूला बाहेर हवा फेकणारे पंखे. खिडक्या उघडत नसतील तर तो हॉल नको, भाडं कितीही कमी असो.

जागेचा हिशोब करा. तीस बाय साठचा मांडव म्हणजे अठराशे चौरस फूट. स्टेज, टेबल आणि ये-जा यासाठी तीनशे सोडले की पंधराशे उरतात. एरवी एका खुर्चीला आठ चौरस फूट धरून तिथं पावणेदोनशेच्या वर खुर्च्या बसतात. दोन खुर्च्यांमध्ये चहूबाजूंनी मीटरभर अंतर ठेवायचं तर खुर्चीमागे सुमारे पंचवीस चौरस फूट लागतात, म्हणजे साठ खुर्च्या. जास्तीच्या खुर्च्या मांडवात ठेवूच नका, परत पाठवा. कोपऱ्यात रचलेली खुर्ची दिसली की कोणीतरी ती उचलून आणणारच.

मग पावणेदोनशे लोकांना बोलवायचं कसं? पाळ्या करून. सकाळी आठ, साडेनऊ आणि अकरा, प्रत्येक पाळी तासाभराची, मधला अर्धा तास मांडव मोकळा. गावनिहाय पाळी दिली तर लोक पाळतात, कारण एका गावचे लोक एकाच जीपनं येतात. मेमध्ये अकराची पाळीही जड जाते. बेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्या मांडवात दुपारी माणसं बसवली तर साथीआधी उष्माघाताचाच रुग्ण मिळेल. तेव्हा तिसरी पाळी संध्याकाळी साडेपाचला न्या. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी गिऱ्हाईक आयतं येतं हे खरं, पण पाळ्यांचा बट्ट्याबोळ होतो.

मुहूर्ताचं काय, हा प्रश्न उद्घाटनाला हमखास येतो. मुहूर्तावर पूजा आणि फीत घरच्या आठ-दहा माणसांत उरका. मुहूर्त तेवढ्यानं साधतो. बाकी मंडळींना दिवसभरात वेळ वाटून द्या.

सत्कार हा खरा अडथळा आहे. पंचवीस पाहुणे, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, एकच फेटा बांधणारा प्रत्येकाच्या तोंडाशी उभा, आणि एकाच माईकवर सगळ्यांची भाषणं. माझं स्पष्ट मत असं की साथीत सत्कार रद्द करावा. नाराजी होईल तर होऊ द्या, स्टेजवर नाव घ्या, नमस्कार करा, शाल घरी पोचवा. कार्यक्रम चाळीस मिनिटांनी आखूड होतो हा वरचा फायदा.

नोंदणीच्या टेबलावर आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांना एन-९५ मास्क द्या. ते दिवसभर सगळ्यांच्या समोर असतात. पाहुण्यांसाठीही मास्कचा खोका दारात असू द्या. कपाळावर धरायच्या तापमापक बंदुकीवर मात्र विसंबू नका. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तसंच तापलेलं असतं आणि ताप नसताना रोग देणारेही असतात. अंगावर औषध फवारणारा बोगदा तर उभारूच नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं सांगितलं होतं.

पाण्या-अन्नातून पसरणारी साथ: गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ

आपल्या भागात हीच साथ जास्त सतावते आणि छोटा कार्यक्रम इथंच घसरतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एवढी टोकाची वेळ रोज नसते, पण टँकर आणि जार हे आपल्या कार्यक्रमांचं नेहमीचं पाणी आहे. टँकर कोणत्या विहिरीवर भरला हे विचारल्याशिवाय कळत नाही. जारवाल्याचं पाणी गार असतं, ते शुद्ध असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी ते फक्त थंड केलेलं असतं.

टँकरचं पाणी वापरायचं तर क्लोरीन स्वतः घाला. चांगल्या प्रतीच्या टीसीएल पावडरमध्ये (म्हणजे ब्लीचिंग पावडर) साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशोबानं पावडर घ्या. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडून ढवळा. अर्धा तास थांबा. मग ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग देणारी चाचणी) करून घ्या. साथीच्या काळात लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. पिवळा रंग आलाच नाही तर मात्रा कमी पडली किंवा पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली, ऊन-हवा लागलेली पावडर निकामी होते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतं, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या.

पिण्याच्या टाकीला तोटी हवीच. पिंपात तांब्या बुडवणं बंद. माणसी दोन लिटर धरलं तर साठ माणसांच्या पाळीला एकशेवीस लिटर पाणी लागतं, म्हणजे वीस लिटरचे सहा जार. हात धुण्याचं पाणी वेगळं. लोकांना "घरून बाटली आणा" सांगायला संकोच करू नका.

बर्फ नको. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणून बर्फ चांगल्या पाण्याचा झाला असं होत नाही. त्याबरोबर मठ्ठा, उसाचा रस, कापलेलं कलिंगड, काकडीची कोशिंबीर आणि पाणी घालून वाटलेली चटणी हेही कटाप. चहा खुशाल द्या, तो उकळलेला असतो. फक्त कप कागदी असावेत, एकाच बादलीत विसळलेले काचेचे ग्लास नकोत.

जेवण द्यायचंच का, हाही विचार करा. शेंगदाण्याचा लाडू, केळं आणि चिवड्याचं बंद पाकीट हातात दिलं की माणूस खूष होऊन घरी जातो. तरी पंगत हवीच असेल तर पदार्थ कमी आणि गरम: मसालेभात, वरण, एखादी भाजी. अन्न चुलीवरून उतरल्यावर दोन तासांत संपलं पाहिजे, उन्हाळ्यात तर तासाभरात. सकाळी सातला केलेला भात दुपारी एकला वाढणं म्हणजे आजाराला आवतण. वाढायला डाव आणि पळी, हातानं काही नाही.

आणि आता आचारी-वाढप्यांचं. या सगळ्यात सर्वांत मोठा धोका पोट बिघडलेला वाढपी आहे. त्याला माहीत असतं की सांगितलं तर रोज बुडेल, म्हणून तो सांगत नाही आणि गोळी खाऊन कामावर येतो. केटररला ठरवतानाच सांगा: "ज्याला जुलाब, उलटी, ताप आहे त्याला आणू नका, त्याचा त्या दिवसाचा रोज मी देतो." दोन-तीन माणसांचा रोज म्हणजे तुमच्या फ्लेक्सच्या खर्चाएवढाही नाही. तुमच्या दुकानातल्या पोरांनाही हाच नियम. उलट्या-जुलाब थांबल्यावर पूर्ण दोन दिवस अन्नाला हात लावू द्यायचा नाही. पोट बरं वाटू लागलं तरी जंतू पडत राहतात.

संडास आणि हात धुण्याची जागा आदल्या दिवशी तपासा. मंगल कार्यालयाचा मालक "सगळी सोय आहे" म्हणतो, आणि नळाला पाणी नसतं. तोटीची टाकी, द्रव साबण, कचऱ्याचा डबा आणि दर अर्ध्या तासाला चक्कर मारणारा एक ठरलेला माणूस. नाव घेऊन एकाला जबाबदारी द्या. सगळ्यांना दिलेली जबाबदारी कोणाचीच नसते.

कोणाला मांडवातच उलटी झाली तर काय करायचं, ते माणसांना आधी शिकवून ठेवा. लोकांना लांब करा. हातमोजे आणि मास्क घालून उलटीवर जुनी वर्तमानपत्रं टाका. लिटरभर पाण्यात पंधरा ग्रॅम टीसीएल कालवून ते द्रावण वर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मग सगळं गोळा करून पिशवीत बांधा आणि जागा पुन्हा त्याच द्रावणानं पुसा. हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आजारी माणसाला सावलीत बसवून ओआरएस पाजा. जुलाब पाण्यासारखे असतील, माणूस मलूल पडला असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन लावा.

डासांची साथ: डेंग्यू, चिकुनगुनिया

इथं माणसांतल्या अंतराचा प्रश्न नाही, साठलेल्या पाण्याचा आहे. ज्या शहरांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तिथं घराघरांत आणि कार्यालयाच्या गच्चीवर ड्रम भरलेले असतात, आणि एडिस डास तिथंच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी पहिली फेरी आणि तीन दिवस आधी दुसरी फेरी मारा: ड्रम, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, ताडपत्रीच्या घड्या. पाणी ओता, भांडं आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. जे पाणी ओतता येत नाही त्यावर घट्ट झाकण किंवा कापड बांधा.

धुराची फवारणी लोकांना फार आवडते, कारण काहीतरी केल्यासारखं दिसतं. ती उडते डास मारते, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. नगरपालिका फवारत असेल तर फवारू द्या, पण त्याच्या भरवशावर ड्रम सोडू नका. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. तेव्हा वर सांगितलेली साडेपाचची पाळी डेंग्यूच्या दिवसांत नको. पंख्याच्या जोरात डासाला नीट उडता येत नाही, म्हणून खुर्च्यांच्या बाजूनं मोठे पंखे लावा. माणसांना पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सांगा.

निमंत्रण आणि यादी

व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर साधा ठेवा. असा काहीसा:

"राम राम मंडळी. सोमवारी बियाण्याची माहिती सभा आहे. तुमच्या गावाची वेळ सकाळी साडेनऊ. घरातून एकानंच या. अंगात ताप, खोकला किंवा पोट बिघडलेलं असेल तर येऊ नका, फोन करा, भाव तोच लावून बॅग घरपोच देऊ. पाण्याची बाटली सोबत आणा."

यातलं "भाव तोच लावून" महत्त्वाचं आहे. सवलत फक्त हजर राहणाऱ्याला दिली तर माणूस तापातही येणार. दारात आजारी कोणी दिसलं तरी चारचौघांत हटकू नका. बाजूला घेऊन म्हणा, "मामा, तुम्ही घरी आराम करा, माल मी पाठवतो." आणि खरंच पाठवा.

येणाऱ्याचं नाव, गाव, मोबाईल आणि पाळी एवढं लिहून घ्या. वही टेबलावर उघडी ठेवू नका, लिहिणारा एकच असावा. ही यादी जाहिरातीसाठी नाही. फ्लू किंवा कोविडसारख्या साथीत ती दोन आठवडे सांभाळली की पुरते. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला पन्नास दिवसही लागू शकतात, त्यामुळे कावीळीच्या साथीत दोन महिने ठेवा. मग फाडून टाका.

रद्द कधी करायचं ते आधीच लिहून ठेवा

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मन पुढं ओढतं, कारण पैसे गुंतलेले असतात. म्हणून तारीख ठरवतानाच भागीदारांनी बसून कागदावर अटी लिहाव्यात. उदाहरणार्थ: आरोग्य केंद्राचे डॉक्टर नको म्हणाले तर रद्द. ज्या गावात कार्यक्रम आहे तिथं नवे रुग्ण रोज वाढत असतील तर पुढे ढकलणे. आपल्याच माणसांपैकी दोघं आजारी पडले तर दुकानातून फोनवर विक्री. अंतिम निर्णय तीन दिवस आधी संध्याकाळी. त्यानंतर बदल फक्त सरकारी आदेशानं किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

मांडव, कार्यालय आणि केटरर यांना आगाऊ रक्कम देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: साथीमुळे तारीख बदलल्यास ही रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल. तोंडी ठरलेलं ऐनवेळी कोणाला आठवत नाही. रक्कम थोडी कमी द्या, म्हणजे बोलायला जागा राहते.

कार्यक्रमानंतर

उरलेलं अन्न कामगारांना घरी नेऊ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पोटाच्या साथीत ती मोडा, त्याऐवजी कोरडी पाकिटं द्या. टाक्या रिकाम्या करून पालथ्या घाला. पत्रावळी आणि कप त्याच दिवशी उचला.

चार-पाच दिवसांनी कोणी आजारी पडल्याचं कळलं तर लपवू नका, आधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. यादी त्यांनी मागितली तर त्यांनाच द्या, ग्रुपवर टाकू नका. त्या पाळीच्या लोकांना मात्र तुम्हीच निरोप पाठवा: "सोमवारी साडेनऊच्या सभेला आलेल्या एकाला ताप आला आहे. तुम्हाला काही त्रास झाला तर आरोग्य केंद्रात दाखवा, सभेला गेलो होतो हे सांगा." रुग्णाचं नाव किंवा गाव लिहायचं नाही. कोण ते विचारायला फोन येतील, तेव्हाही सांगायचं नाही.